शांतवनअण्णा आणि करकरणारा फॅन

निपाणीच्या शांतवनअण्णांच्या हाती जळकी मोटर पडली की ती चालू होऊनच दुकानाबाहेर जायची. पस्तीस वर्षं त्यांनी जळलेल्या मोटरींत तांब्याच्या तारेचे नवे वेढे भरले, पंखे दुरुस्त केले, मिक्सर खोलले. हात असा चालायचा, पण तोंड कुलूपबंद. चर्चमध्ये दर बुधवारी साखळी प्रार्थना असे. एकाची संपली की शेजारच्यानं आपल्या शब्दांत पुढे सुरू करायची. शेजाऱ्याची संपत आली की अण्णा हळूच उठत, "फॅन जरा करकरतोय" असं पुटपुटत स्विचबोर्डाकडे जात. ते परत येईपर्यंत साखळी त्यांना ओलांडून पुढे गेलेली असे.

"आमच्या चर्चचा फॅन लई भाविक हाय," त्यांची बायको सुविधा म्हणे. "ह्यांचा नंबर आला की बरोबर त्यालाच कापरं भरतंय."

अण्णाही हसत. पण मनात एक गोष्ट त्यांना खात असे. साठी उलटली, जन्मापासून ख्रिस्ती, आणि देवाशी चार वाक्यं मोठ्यानं बोलता येत नाहीत. मग आपला विश्वास खरा, की नुसता बापाकडून आलेला? पास्टरांसारखी भरदार भाषा आपल्याला यायची नाही आणि दुकानातल्या बोलीत देवाशी बोलणं बरं दिसत नाही, अशी त्यांची समजूत.

मार्च महिन्यात पास्टर स्वरूप यांनी सभेत सांगितलं की, कणकुंबीपलीकडे एका वाडीत पाच ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्या प्रार्थनाघराचं वायरिंग करायचं आणि वाडीत कुणाचंही काही बिघडलं असेल तर तेही दुरुस्त करून द्यायचं. चार दिवसांची सेवा. सगळ्यांत आधी अण्णांचा हात वर! घरी येऊन त्यांनी पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. टेस्टर, पक्कड, तारेची रिळं. लग्नाला निघाल्यासारखी घाई.

दुसऱ्या दिवशी पास्टर दुकानात आले. "अण्णा, एक राहिलं. तिथं प्रत्येकानं एका तरी घरात बसून प्रार्थना करायची हाय."

अण्णांच्या हातातली पक्कड खाली आली. "मी वायरिंग बघतो की. तिथं फॅन..."

"तिथं फॅन न्हाय, अण्णा."

दुकानामागच्या घरात, पडद्याआड सुविधाबाई खुदकन हसल्या.

तरीही अण्णा गेले. जांबोटी गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंनी झाडी दाटली, तसे ते गाडीच्या खिडकीबाहेर डोकं काढून लहान मुलासारखे बघत राहिले. पहिल्या दिवशी ते शिडीवर चढले ते उतरलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीत भोकं पाडत बसले. तिसऱ्या दिवशी पास्टरांनी त्यांना मालुबाईकडे पाठवलं. तिच्या विहिरीवरची मोटर बंद होती.

मालुबाई सत्तरीची, एका डोळ्यानं जवळजवळ आंधळी. अण्णांनी दुपारपर्यंत मोटर खोलून तुटलेली तार जोडली आणि बटण दाबायला गेले, तर करंट गेलेला.

"आता करंट दिवस मावळतानाच येतोय बघा," ती म्हणाली. "बसा. प्रार्थना करू. आमच्यात घरवाली सुरू करती, पाव्हणा संपवतो."

अण्णा काही बोलायच्या आत तिनं डोळे मिटलेही.

"देवा, मी मालू. ऐकू येतंय न्हवं? सोमवारी बेळगावात डोळ्याचं आपरेशन हाय. तू म्हणशील, घाबरतीस कशाला. तुला काय जातंय म्हणायला, डोळा माझा हाय! डॉक्टरच्या हातावर तुझा हात ठेव. घरी आल्यावर माझं आंगण मला नीट दिसू दे. आता हे पाव्हणं बोलत्यात."

आणि ती थांबली. अण्णांनी वर पाहिलं. वर वासे, कौलं आणि एक कोळ्याचं जाळं. उठून जावं असं काहीच नव्हतं.

"देवा," ते म्हणाले. "मी निपाणीचा शांतवन. मोटरवाला. लई वर्सं तुझ्याम्होरं नुसताच बसून हाय. ह्या आक्का घाबरल्यात. मी मोटर भरतो, एक तार सुटली तर परत सगळे वेढे मोजतो. ह्यांचा डोळा तर तू स्वतः केलाईस, तुला एकेक तार ठावं हाय..."

आणि मग बांध फुटावा तसं झालं. आक्कांचा डोळा झाला, अण्णांचा बाप झाला, सुविधा झाली, फॅनची लबाडीसुद्धा सांगून झाली.

"आमेन म्हणा आता," मालुबाईनं मधेच म्हटलं, "भात करपतोय."

अण्णा चढ चढत जवळजवळ पळतच प्रार्थनाघराकडे आले. "पास्टर! बोललो! लई बोललो!"

"काय बोललासा?"

"काय की! पर ऐकणारा हुता बघा तिथं. माझ्या बापाचा न्हवं, माझा!" हे सांगताना ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

पुढच्या बुधवारी निपाणीत साखळी अण्णांच्या शेजाऱ्यापर्यंत आली. सुविधाबाईंनी एक डोळा किलकिला करून स्विचबोर्डाकडे पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं.

"देवा, मी शांतवन," शेजारून आवाज आला. "मालुबाईची पट्टी निघाली. आंगण दिसलं म्हणं..."

डोक्यावरचा फॅन त्या दिवशी खरोखरच करकरत होता, त्याचं बेअरिंग गेलं होतं. अण्णांनी ते गुरुवारी बदललं.