पिवळ्या पट्ट्याचा फोटो

यशोधरा म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे बरं. तीन देशांच्या लढायांत, अगदी आघाडीवर जाऊन फोटो काढून आलेली बाई. रणगाडा अंगावर आला तरी आधी फोकस बघेल, मग पळेल. पण अधारताल मोहल्ल्यातल्या आपल्या घरी पाऊल टाकलं की आईपुढे हिची पाचावर धारण बसायची. कारण सहा वर्षं ती गीताबाईंना बिनदिक्कत सांगत आली होती, की मी लढाईपासून लांब, निर्वासितांच्या छावण्यांमध्ये फोटो काढते. मंगळवारी पुन्हा निघायचं होतं. आईला खरं कळलं असतं तर पासपोर्ट थेट गव्हाच्या कोठीत गेला असता, आणि तिथून तो काढायची हिंमत कोणात नव्हती.

रविवारी शकुमावशी चिवड्याचा डबा घेऊन आली. ही गीताबाईंची फॅक्टरीतली मैत्रीण. यशोधराचे वडील गेल्यावर गीताबाईंना अनुकंपेवर दारूगोळ्याच्या फॅक्टरीत नोकरी लागली होती. काम कॅनव्हासच्या पिशव्या शिवायचं, असं यशोधरा लहानपणापासून ऐकत आलेली.

मावशीला फोटो बघायचे होते. यशोधराने हुशारी करून बिनधोक तेवढेच निवडून ठेवले होते: पाववाला, शाळा, विणकाम करणारी म्हातारी. मावशी दर फोटोला ‘क्या बात है’ म्हणत होती, सगळं झकास चाललं होतं. मग आली मांजर. गलेलठ्ठ, ढिगाऱ्यात एका लोखंडी नळीला पाठ टेकवून ऊन खात पडलेली. मावशी हरखली. गीताबाईंनी मात्र चष्मा सारखा केला आणि लॅपटॉपला नाक लावलं.

“पिवळा पट्टा,” त्या म्हणाल्या. “आणि फ्यूज जागच्या जागी.”

मग काय विचारता! सदर बाजारातल्या दुकानात साडीच्या काठावरून भांडाव्यात तशा दोघी त्या फोटोवर तुटून पडल्या. मावशी म्हणे तोफगोळा एकशे पाच मिलिमीटरचा, गीताबाई म्हणे छट्, एकशे तीसचा, त्याचा खांदा तर बघ. यशोधरा घाईघाईने मध्ये पडली.

“नळ आहे गं आई, फुटका.”

“फुटला नाही, म्हणून तर बोलून राहिली मी. किती हात लांब होती तू?”

यशोधराने मोठ्या लेन्सची थाप मारून पाहिली. गीताबाईंनी मांजरीच्या पायाशी पडलेल्या, कॅमेरा धरलेल्या सावलीवर बोट ठेवलं. सावली यशोधराचीच होती. झालं, खेळ खलास. आता कबूल करावं म्हणून यशोधराने तोंड उघडलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“थांब. पिशव्या शिवणारीला फ्यूज काहून कळतो?”

शकुमावशीने चिवड्याचा बकाणा भरला आणि छताकडे बघत बसली. गीताबाईंचे कान लाल झाले. मग हळूहळू निघालं सगळं. पिशवी त्यांनी जन्मात शिवली नव्हती. तीस वर्षं दोघी ठिणगी पडू नये म्हणून बांगड्या, पिना दाराशी काढून ठेवून तोफगोळ्यांत दारू भरून वर तो पिवळा पट्टा ओढत होत्या. पोरीला धास्ती नको म्हणून पिशव्या. यशोधराने शाळेच्या निबंधात त्या पिशव्यांची तारीफ केली, तेव्हा शाळेतल्या बाईंना दाखवायला गीताबाईंनी एक बाजारातून विकत आणली होती.

आधी मावशी फिसकन हसली. मग मायलेकी. चिवडा सतरंजीभर झाला, कोणी कोणाला सावरेना. हसता हसता यशोधराला रडूच फुटलं आणि सहा वर्षांचं सगळं तिने आईच्या कुशीत ओकून टाकलं. तिकीट रद्द करू का, तेही विचारलं.

गीताबाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. त्यांना भीती वाटत होती, ती काही त्यांनी लपवली नाही.

“तीस वर्षं मी खोटं बोलली,” त्या म्हणाल्या, “पण रोज संध्याकाळी घरी आली. तिकीट राहू दे. तू पण येत जा.”