खंडूआबांची सही

तळेगाव ढमढेऱ्यात एसटी स्टँडच्या मागं माझं सेतू केंद्र आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की या टपरीएवढ्या जागेत आईबापांची जत्रा भरते. पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून उभी, आणि आईबाप कागदांची पिशवी छातीशी धरून घामाघूम. माझा आवाज चढतो, मान्य आहे. पण खंडूआबांवर मात्र मी कधी ओरडले नाही.

आबा गवंडी. पंचाहत्तरी ओलांडलेले. गावातल्या कितीतरी भिंती त्यांच्या ओळंब्याखालून गेल्यात, माझ्या दुकानाच्यासुद्धा. वस्तीतलं बुद्धविहार त्यांनी मजुरीचा एक रुपया न घेता बांधलं. त्यांच्या शाळाप्रवेशाची गोष्ट वस्तीत दर जयंतीला निघायची, आणि आबा शेजारी बसून गालातल्या गालात हसायचे. त्यांच्या वडिलांनी धर्मांतर केलं तेव्हा आबा लहान होते. वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून इनामगावला घोडनदीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत नेलं.

मास्तरांनी जात विचारली. वडील म्हणाले, "बौद्ध लिवा."

"अरे, तो धर्म झाला. जात सांग."

"ती काल नदीत सोडली, गुर्जी."

मास्तरांनी बौद्ध लिहिलं. पुढं आबांनी मुलाच्या, महेंद्रच्या वेळी तेच लिहायला लावलं, आणि महेंद्रनं त्याच्या मोनालीच्या वेळी. जुना शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नसे.

यंदा मोनालीला पुण्यात नर्सिंगला सीट मिळाली. स्कॉलरशिपचा अर्ज वेळेत गेला तर फी माफ. नाहीतर पूर्ण फी, आणि रांजणगावच्या कंपनीतल्या महेंद्रच्या कंत्राटी पगारात ती बसणं शक्यच नव्हतं. अर्जाला जातीचा दाखला हवा. मोनालीची आई करुणा पिशवी घेऊन आली. तिन्ही पिढ्यांचे शाळेचे दाखले बघून मी कपाळाला हात लावला.

"वहिनी, नुसतं बौद्ध चालत न्हाई. आधीची जात दाखवणारा जुना कागद लागतो. पन्नास सालाच्या आधीचा."

"समदे कागद आणल्यात की ताई. ह्येच्या परीस जुनं काय न्हाई आमच्याकडं."

आबांचा जन्म अठ्ठेचाळीसचा. गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही असते, तिला कोतवाल बुक म्हणतात. महेंद्रनं दोन पाळ्या बुडवून शिरूरहून तिची नक्कल आणली. त्यात आबांच्या वडिलांचं नाव होतं, पुढं 'महार', आणि पुढं नुसतं 'मुलगा'. बाळाचं नाव तेव्हा लिहीत नसत. म्हणून तो मुलगा मीच आणि माझी जात ही, असं आबांनी प्रतिज्ञापत्रावर सही करून द्यायचं होतं. एवढंच राहिलं होतं.

आबा म्हणाले, "न्हाई."

महेंद्रनं माझ्या दुकानातच त्यांना समजावलं. "आबा, ही भीक न्हाई, हक्क हाय आपला."

"हक्क हाय तर मग त्यो शब्द कशापायी पायजे? माझ्या बानं जी सोडली, ती म्या सही करून परत घिऊ?"

माझ्याही दाखल्यावर जात आहे. काय लिहिलंय ते बघून आजवर मला काहीही वाटलेलं नाही, याची त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

आठवडा गेला. मी रोज वेबसाइट उघडून मुदत बघायची आणि मनातल्या मनात आबांवर चिडायची. घरात महेंद्र बापाशी बोलेनासा झाला. मोनाली मात्र एका शब्दानं काही म्हणाली नाही. आजोबांना सकाळी चहा नेऊन द्यायची, त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची. मग एका सकाळी तिनं युनिफॉर्मसाठी आणलेलं पांढरं कापड घडी घालून पेटीत ठेवून दिलं. ते आबांनी पाहिलं. तसेच उठले आणि काठी टेकत माझ्या दारात आले.

"चल पोरी. कुठं करायची ती सही?"

मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर जीपनं शिरूरला गेले. तहसील कचेरीतल्या बाईंनी नियमाप्रमाणे मजकूर मोठ्यानं वाचला. तो शब्द आला तशी आबांनी मान खाली घातली. शेवटी विचारलं, "हे सगळं खरं आहे ना, आजोबा?" आबा "व्हय" म्हणाले आणि सही केली.

दाखला यायला लागायचे तेवढे दिवस लागले. तोवर मुदत संपली होती. महेंद्र कॉलेजात जाऊन हात जोडून आला, पण फी न भरल्यानं सीट यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. मला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना. आता मोनाली पहाटेच्या कंपनी बसनं रांजणगावला जाते, पॅकिंगला. गळ्यात ओळखपत्र घालून ती स्टँडवर उभी असते, मला बघून हसतेही.

दिवाळीनंतर आबा आले. बऱ्याच दिवसांत ते विहारातही दिसले नव्हते. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला दाखला काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला.

"पोरी, ह्यो आता लागत न्हाई न्हवं?"

"पुढच्या वर्षी लागंल की आबा. परत भरू आपण अर्ज."

"ती न्हाई म्हणतीया. बापाची वढाताण तिला बघवंना. म्या आठ दिस आधी सही केली असती, तर गेली असती पोरगी."

मी दाखला उगाच उलटासुलटा केला.

"मग पोरीला काय मिळालंच न्हाई," आबा म्हणाले, "तर माझा त्यो शब्द तेवढा परत काढता येतोय का बघ."

काढता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी कॉम्प्युटर चालू केला, मोनालीच्या दाखल्याचा नंबर टाकला आणि बराच वेळ शोधत राहिले. आबा समोरच्या स्टुलावर बसून वाट बघत होते.