दुर्बिणीची सेटिंग

फोटो छापायच्या त्या दुकानात त्याला सगळे दुर्बीण म्हणत. छपाईला जाण्याआधी प्रत्येक फोटो तो तपासायचा. कोटावरचा केस, काचेवरची धूळ, मिटलेले डोळे, काही म्हणता काही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. त्यात जीभ तिखट. फोटोग्राफर मंडळी त्याला टरकून असत. "फोटो काढताना लक्ष कुठं होतं तुमचं, जेवणाकडे?" असं तो तोंडावर विचारायचा.

आता दैवाचा खवचटपणा बघा. नेमका याच माणसाच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. समोर सरळ बघावं तर माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा. मान वळवून कडेनं बघितलं, तर थोडंफार दिसे. हे आता बरं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

बायको म्हणाली, "दुकानात सांगून टाका एकदाचं."

"सांगतो की. मग घरी बसून तुझ्या डाळीतले खडे निवडतो. तेही दिसायचे नाहीत!"

त्याने दुसरीच वाट काढली. फोटो बघायच्या प्रोग्रॅमची सेटिंग उघडून त्याने एकेक गोष्ट आपल्या डोळ्यांना सोसेल अशी करून घेतली. मागचा पांढरा रंग खुपायचा, तो काळा केला. बटणांच्या पट्ट्या लपवल्या. फोटो खिडकीत मावण्यासाठी आपोआप लहान व्हायचा, ते बंद करून मोठाच उघडेल असं केलं. आणि ती खिडकी रोज स्क्रीनच्या उजव्या कडेलाच उघडेल, अशी सोय केली. मग हा डावीकडच्या भिंतीवर नजर लावून बसायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फोटो तपासायचा. लोक कौतुकानं म्हणत, "दुर्बिणीला आता फोटोकडे बघावंही लागत नाही!" वर्षभरात त्याच्या हातून गेलेला एकही फोटो परत आला नाही. बायकोला तो हे रोज ऐकवायचा. नोकरी आणि नाव, दोन्ही शाबूत होती, आणि त्याला एवढंच हवं होतं.

एके दिवशी सकाळी येऊन बघतो तर टेबलावर नवा संगणक. जुना रात्रीतून बंद पडला होता. प्रोग्रॅम तोच, पण सेटिंग कोरी. स्क्रीनभर पांढराफटक उजेड, वर चिमुकल्या बटणांची रांग आणि मधोमध आक्रसलेला फोटो. सेटिंगचं बटण शोधायलासुद्धा डोळेच लागतात. तो चाचपडत असतानाच एक गिऱ्हाईक शेजारी येऊन उभं राहिलं. त्याच्या आईचा फोटो मोठा करून हवा होता.

दुर्बिणीने भिंतीकडे बघितलं. दिसला फक्त उजेड. पण गप्प बसेल तर तो दुर्बीण कसला! "झकास आलाय," तो म्हणाला. "डोळ्यांत काय तेज आहे! छापायला टाका."

गिऱ्हाईक हळूच म्हणालं, "अहो, डोळे मिटलेत तिचे."

मालकाची बायको काउंटर सांभाळायची. तिला सगळे वहिनी म्हणत. ती लगबगीनं आली, दुसरा फोटो दाखवून तिने गिऱ्हाइकाची समजूत काढली आणि त्याला वाटेला लावलं. मग खुर्ची ओढून ती दुर्बिणीशेजारी बसली आणि माऊस हातात घेतला. मागचा रंग काळा झाला. पट्ट्या गेल्या. फोटो मोठा झाला. खिडकी सरकत सरकत उजव्या कडेला आली. यातलं काही तिने त्याला विचारलं नाही.

त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"झालं की वर्ष, भाऊ."

"आणि माझे फोटो?"

वहिनी म्हणाली, "तुम्ही घरी गेलात की मी परत बघायची सगळे. एखाददुसरा दोष राहिलेला असायचा."

"एखाददुसराच?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून ती माऊसची वायर सरळ करू लागली. वर्षभर बायकोपुढे मारलेली एकेक फुशारकी त्याला आठवली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, त्यात सगळं पहिल्यासारखं करायचं बटण असतं बघा. ते दाबा."

"अहो, पण मग तुम्हाला दिसणार कसं?"

"मला नाही," तो म्हणाला. "उद्यापासून जो कुणी या खुर्चीत बसेल, त्याला दिसायला हवं."

तिने बटण शोधून दाबलं. स्क्रीन पांढरी झाली. तो उठला आणि टेबलाची कड धरून दाराकडे निघाला. वहिनीने त्याचा हात धरला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्याने तो कुणाला धरू दिला.