वामनरावांचा कोरडा रांजण

वामनराव शेलार गेल्याची बातमी कोल्हारच्या वार्ताहराने फोनवर दिली, तेव्हा मी जिल्ह्याचे पान लावत होतो. टँकर, खडी फोडण्याची कामे, गुरांच्या छावण्या, यापलीकडे त्या पानावर त्या दिवसांत काही नसे. लाइन खरखरत होती. सवयीने मी विचारले, नाव, वय, कारण? पलीकडून आवाज आला, "अहो, तुमचेच वामनराव. छातीत कळ आली आणि गेले." ते लिहून घेतले. लिहून झाल्यावर पहिला विचार आला तो त्यांच्या रांजणाचा...

वामनराव कोल्हारजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. शाहीर केरू वाकळे यांचे चरित्र लिहायचे, हे काम त्यांनी निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून हाती घेतले होते. केरूंची गाणी लग्नाच्या बँडवर वाजत, जत्रेच्या कर्ण्यावर वाजत, अकोले तालुक्यातल्या भातलावणीतही ऐकू येत. पण ती केरूंची आहेत हे फार थोड्यांना माहीत होते. शाहिरांना लिहिता येत नव्हते. गाण्याच्या शेवटच्या ओळीत कवीने आपले नाव गुंफायचे ही तमाशातली जुनी रीत, आणि गाणे दुसऱ्या फडात गेले की ते नाव काढून आपल्या म्होरक्याचे घालायचे, हीही रीतच. असा हा माणूस स्वतःच्याच गाण्यांतून बाहेर पडला. वामनराव फडाफडांतून हिंडून एकेका गाण्याचे पाठ उतरवून घेत. खेळांच्या जुन्या जाहिराती, साथीदारांच्या आठवणी त्यांनी जमवल्या होत्या. या सगळ्यात मोलाचे होते ते ध्वनिफितीचे एक रीळ. श्रीरामपूरच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याचे यंत्र मागून आणून त्यांनी केरूंचा आवाज त्यावर घेतला होता. त्यानंतर थोड्याच महिन्यांत शाहीर गेले. रिळाची दुसरी प्रत नव्हती. नगरला आणा, प्रत करून घेऊ, असे मी अनेकदा म्हणालो. "करू की. पुस्तक तर होऊ द्या," एवढेच ते म्हणत.

शाहिरांच्या पत्नी हौसाबाई त्या पुस्तकाची वाट पाहत होत्या. एका जत्रेत नवऱ्याचे गाणे दुसऱ्याच्या नावाने ऐकून त्या भर खेळात उठून उभ्या राहिल्या होत्या. "आमच्या धन्याचं गानं हाय ते!" मागून कोणी ओरडले, "खाली बस म्हातारे, तुला सपान पडलं व्हय?" लोक हसले. त्यानंतर त्या मास्तरांकडे आल्या. "त्यांचं नाव त्यांच्या तोंडून हाय नव्हं तुमच्यापाशी? मग मी हाय तवर लोकान्ला ऐकवा." वामनरावांनी शब्द दिला होता.

घराला वाळवी होती. लाकडी कपाट तिने पोखरल्यावर वामनरावांनी कुंभाराकडून मोठा नवा रांजण आणला, त्याला पाणी लावले नाही, आणि शाहिरांचा सगळा संग्रह त्यात ठेवला. वर पाट, पाटावर वरवंटा. त्यांच्या पत्नी इंदूवहिनी चिडवायच्या, "गावात घागरीसाठी झिंज्या ओढतात आणि आमच्या रांजणात कागद. पाहुण्याला तहान लागली तर दोन पानं वाढीन."

दहाव्याला मी गेलो. प्रवरेचे पात्र पुलावरून पाहिले, वाळूच होती. माजघरात शिरलो तर रांजण काठोकाठ भरलेला. सुतकात घरातले जुने माठ टाकून देतात, आणि घरचे काम शेजारी सांभाळतात. टँकर आला, पाणी ठेवायला भांडे नव्हते, आणि एक नवा रांजण समोर होता. शेजारच्या येसूबाईंनी जे योग्य तेच केले होते.

"आतलं कुठे आहे?" मी विचारले.

"कागद व्हय? पोत्यात बांधून गव्हाणीत ठेवल्यात की. गुरं छावनीला गेल्यात, गव्हान रिकामीच हाय."

गोठ्यात धावलो. पोते होते. एका कोपऱ्याला शेळीचे तोंड लागले होते, काही जाहिराती गेल्या होत्या. रिळाचा पत्र्याचा डबा मात्र नव्हता.

येसूबाईंचा चेहरा उतरला. "माझा हात तळापतूर पुरला न्हाई... हाताला लागलं तेवढं काढलं मी."

हौसाबाई दहाव्यासाठी आल्या होत्या आणि दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. बाहेर माणसे जेवायला बसायची होती, पुढचा टँकर कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हते. इंदूवहिनी कोपऱ्यातून उठल्या. "उपसा," म्हणाल्या.

घागरी, परात, बादली, शेवटी शेजाऱ्यांची पातेली. पाणी खाली जात होते. तळाशी डबा होता. झाकणाच्या कडेला वामनरावांनी मेणबत्तीचे मेण ओतून ठेवले होते, किड्यांसाठी असावे. एका बाजूने ते तडकले होते. मी डबा कानाशी धरून हलवला. आतून पाण्याचा आवाज आला की भास झाला, तेव्हा सांगता आले नाही.

श्रीरामपूरच्या दुरुस्तीवाल्याने फीत सावलीत वाळवली. चालेल की तुटेल, सांगत नाही, म्हणाला. दोघी बाया यंत्रापुढे बसल्या. आधी नुसती घरघर. मग खाकरल्याचा आवाज, आणि वामनराव: "बोला शाहीर, घाई नाही." त्यानंतर केरू. मधले एक कडवे बुडाल्यासारखे अस्पष्ट होते. शेवटच्या ओळीत नाव आले. केरू वाकळे. स्पष्ट.

हौसाबाईंनी डोळे पुसले नाहीत. "ती वळ परत लावा," म्हणाल्या.

"नको," इंदूवहिनी म्हणाल्या, "पहिल्यापासून लावा."

फीत दुसऱ्यांदा लावायला दुरुस्तीवाला कचरत होता. लावली. त्याच दिवशी प्रत करून घेतली. ती आता माझ्याकडे नगरला आहे, मूळ रीळ वहिनींच्या लोखंडी पेटीत. यंदाच्या जत्रेत कर्ण्यावर ते गाणे ऐकवायचे ठरले आहे. पंच हो म्हणाले आहेत. ऐन वेळी काय म्हणतील याची खात्री हौसाबाईंना नाही, मलाही नाही.

परवा गेलो होतो. रांजण माजघरातच आहे, भरलेला. वहिनींनी मला पाणी देण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे आत घातले, आणि पाणी घेण्याआधी ते तळाशी गोल फिरवून पाहिले. आत काही नाही हे त्यांना माहीत आहे. तरी क्षणभर थांबून त्यांनी कान दिला, आणि मगच तांब्या भरला.