देवघराची जाळी आणि उलट्या पिळाचं बिट

मंडळी, आज मोठं नुकसान होता होता राहिलं, म्हणून लगेच लिहायला बसलो.

रेणापूरला अक्काच्या नव्या घरी देवघराचं दार मी करतोय. पेशानं मास्तर, पण सुतारकाम माझं मीच शिकलो. वास्तुशांती परवा आहे. सागवानी विनियरचा प्लाय एकच, त्याच्या रेषांना जुळणारा दुसरा अख्ख्या लातुरात मिळाला नाही. त्यातच राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, जाळी कापायची होती.

आधी उरलेल्या तुकड्यावर कापून पाहिलं. वरच्या कडेला नुसती कुसळं.

अक्काच्या घरचे जुने मिस्त्री नामदेवमामा बघतच होते. "काय मास्तर, उंदरानं कुरतडलं का? मोबाईल बघून सुतारकी येत न्हाई."

चूक बिटाची, म्हणजे राउटरच्या पात्याची होती. माझं पिळाचं (स्पायरल) बिट भुसा वर ओढणारं, त्यासोबत विनियरचा पातळ थरही उचलला जात होता. डब्यातलं दुसरं बिट दिसायला तसंच, पण पीळ उलटा. ते भुसा खाली दाबतं. तेच लावलं आणि खालची कड फुटू नये म्हणून प्लायखाली टाकाऊ फळी घट्ट आवळली. यात भुसा खाचेत अडकून बिट तापतं, म्हणून एका फेरीत तीनच मिलिमीटर आणि दर फेरीनंतर ब्रश. अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायला सहा फेऱ्या.

जाळीच्या कडेला एक कुसळ नाही.

मामांनी अंगठा फिरवला, परत फिरवला. मग हळूच म्हणाले, "मास्तर, ते बिट आणा बघू इकडं. पीळ कोणत्या अंगाला हाय?"

दोन्ही बिटं त्यांच्या तळहातावर ठेवली. अजून न्याहाळतायत.

तुम्ही आधी तुकड्यावर कापून बघता का? खरं सांगा.