वन्संची चार पुस्तकं

रंजनाताईंचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. पेणला वन्सं राहायच्या त्या खोलीच्या खाली रंजनाताईंचा गणपतीचा कारखाना. अडीअडचणीला असावा म्हणून त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता, पण त्यांचा फोन कधी येत नसे. "नंदाताई, येता का जरा इकडं?" त्या म्हणाल्या. मी विचारलं, पडल्या का वन्सं? त्या म्हणाल्या, "चहा घेऊन वर गेले, तर उठल्याच नाय हो बाई."

आमच्या अष्टमी गावाहून नदीवरचा पूल ओलांडून रोह्याच्या स्टँडवर आले, पेणची एसटी मिळाली. नागोठणं गेलं, वडखळ गेलं... रस्ताभर डोक्यात एकच गोष्ट होती. आदल्या संध्याकाळीच तर आम्ही बोललो होतो. म्हणजे बोललो असं नाही, मी वाचत होते आणि त्या ऐकत होत्या. हिमालयातल्या पायी प्रवासाचं पुस्तक. लेखक आणि त्याचा हमाल एका खिंडीखाली अडकून पडले होते, वर बर्फ थांबत नव्हतं. तिथे वन्सं म्हणाल्या, "आज एवढंच गो. मला भूक लागली." आणि फोन ठेवला. त्यांना पुढचं पाठ होतं. मला नव्हतं.

वन्सं म्हणजे शालिनी, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासरे लवकर गेले, म्हणून त्या मॅट्रिक होताच पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. कानाला यंत्र लावून लोकांचे नंबर जोडून द्यायचं काम. पुढे ती यंत्रं गेली, तेव्हा त्यांना बिलांच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. एके ठिकाणी सगळं जमत आलं होतं, पण बघायला आलेल्या मंडळींना वन्संनीच विचारलं म्हणे, "तुमच्याकडं संध्याकाळी वाचत बसायला जागा हाय का?" ती मंडळी पुन्हा आली नाहीत. ही गोष्ट माझे यजमान हसत हसत सांगायचे आणि वन्संही हसायच्या. पण मला कळायचं नाही, यात हसण्यासारखं काय आहे.

मी खाडीकडच्या मिठागराच्या गावातली. दहावी झाले, पण शाळेच्या पुस्तकांपलीकडे घरात कागद यायचा तो पुडीचा. लग्नात कुणी साडी दिली, कुणी पितळेचा डबा दिला. वन्संनी एक जाडजूड कादंबरी दिली. नव्या नवरीला कादंबरी! आमच्या गावच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी ती उघडलीच नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण उडायचं, त्यावर वजन म्हणून ठेवली. पुढे गौरी-गणपतीला वन्सं अष्टमीला आल्या, जेवताना लोणचं घ्यायला उठल्या आणि त्यांनीच ती उचलली. वेष्टनावर तेलाचं गोल कडं उमटलेलं. त्यांनी ते पदराने पुसलं, लोणचं वाढून घेतलं, पुस्तक पुन्हा बरणीवर ठेवलं. म्हणाल्या, "मुरलंय छान." लोणच्याबद्दल म्हणाल्या की मला टोमणा मारला, हे मला पुढं किती वर्षं ठरवता आलं नाही. एरवीही त्यांच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. त्या यायच्या, पाया पडून घ्यायच्या, खिडकीशी बसून वाचायच्या, जायच्या. अशा आम्ही नणंद-भावजय.

वाचायच्या त्या पुष्कळ. वाचनालयाचं कपाट त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत केलं होतं. पण त्यांची आवडती पुस्तकं चारच. ती त्या पुन्हा पुन्हा वाचत. त्यांना त्यांनी घरगुती नावं ठेवली होती. भावांचं पुस्तक, नर्सबाईंचं पुस्तक, बँडवाल्यांचं आणि डोंगराचं. वेष्टनावरची खरी नावं त्या घेत नसत, म्हणून मीही इथे घेत नाही. भावांचं म्हणजे दोन भावांची ती कादंबरी, मला लग्नात दिलेली तीच. नर्सबाईंचं म्हणजे एका बाईने आपल्या नोकरीची सांगितलेली हकिकत. बँडवाल्यांचं हसवणारं, चुकीच्या लग्नात जाऊन वाजवणाऱ्या एका बँडपथकाचं. आणि डोंगराचं ते प्रवासाचं. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "तेच तेच वाचून कंटाळा नाय येत वन्सं?" त्या म्हणाल्या, "तू माहेरी जातेस तेव्हा कंटाळा येतो का? मी ज्या घरात जन्मले त्याच घराची राहिले. मला जायला माहेर कुठलं? मग मी इकडं जाते."

माझे यजमान गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. कंपनीतून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा पुण्याला. दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर काय करायचं ते मला कळेना. टीव्ही लावला तर आणखीनच एकटं वाटायचं. अशाच एका संध्याकाळी मी वन्संना फोन केला. का केला, सांगता येणार नाही. त्यांच्याशिवाय त्यांचा भाऊ लहानपणापासून आठवणारं दुसरं कोण होतं? पण फोन जोडला आणि दोघींनाही बोलता येईना. जेवलात का, जेवले. पाऊस आहे का, आहे. मग बोलायचं म्हणून मी विचारलं, "सध्या काय वाचताय?"

"काय नाय," वन्सं म्हणाल्या.

हे उत्तर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा हळूहळू बाहेर आलं. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला होता. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेकडेचं दिसत राहील, मधलं जात जाईल. "आता ज्याच्याकडं बघते तेच दिसत नाय," त्या म्हणाल्या. "बाजूची अक्षरं दिसतात. त्यांच्याकडं वळले की ती पण जातात." भाऊ असताना त्यांनी हे सांगितलं नव्हतं, आणि भाऊ गेल्यावर कुणाला सांगणार? मग त्यांनीच विचारलं, "ते बरणीवरचं पुस्तक आहे का अजून?"

होतं. बरणी फुटली होती, पुस्तक होतं.

"मग उघड आणि वाच."

"वन्सं, मला नाय जमायचं ते."

"दहावी झालीस ना? वाच."

तशी सुरुवात झाली. मी कशी वाचायचे विचारू नका. रेशनच्या रांगेत ढकलाढकल व्हावी तसे शब्द एकमेकांवर आदळायचे. वन्सं ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला श्वास घे. एवढं तू कर, बाकीचं लेखक बघेल." मग रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मी फोन लावायचे. रोहा-पेण असं आमचं वाचन. एक पुस्तक संपलं की मी पेणला जाऊन वन्संच्या खोलीतलं पुढचं आणायचे आणि झालेलं तिथे परत ठेवायचे. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले तिला आता फोनवरून पुस्तकं मिळत होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "तेव्हा मधेच ऐकायला बंदी होती गो. आता हक्काने ऐकते."

भावांच्या पुस्तकात मध्यावर धाकटा भाऊ जातो. मला ते ठाऊक नव्हतं. तिथवर वाचत आले आणि पान उलटल्यावर दिसलं, काय होणार आहे ते. ताप चढलेला, थोरला उशाशी बसलेला. इकडे भिंतीवर यजमानांच्या फोटोचा हार अजून वाळायचा होता. मी झटकन पुढची पानं उलटली आणि नव्या प्रकरणापासून वाचू लागले. आवाजही तसाच ठेवला. एक परिच्छेद झाला असेल, वन्सं म्हणाल्या, "मधलं राहिलं."

मी पुढचंच वाक्य वाचत राहिले.

"नंदा, मधलं राहिलं. वाच ते."

"नको ना वन्सं. आज नको."

"मला पाठ आहे ते. तू वाचलं नाहीस तरी मला ते दिसतंयच. मी एकटीने बघण्यापेक्षा तू वाच."

मी मागे गेले आणि वाचलं. कसं वाचलं ते आठवत नाही. स्वल्पविराम पूर्णविराम काही राहिलं नाही. वाचून संपलं. मला वाटलं, फोन कट झाला. मग ऐकू आलं... त्या रडत होत्या. भाऊ गेला तेव्हा त्या कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा देत होत्या, बायका त्यावर बोलल्याही होत्या. आता त्या हमसून हमसून रडत होत्या आणि इकडे मी. मधे सगळा डोंगर, खाडी, रस्ता. कोणी कोणाची समजूत घातली नाही. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "तो लहानपणी झोपेत हसायचा, तुला माहीत आहे?" मला माहीत होतं. मोठेपणीही हसायचे. जगात हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, या इकडे राहायला. कितीदा म्हटलं. घरात मी एकटी, तिकडे तुम्ही एकट्या, मग दोन चुली कशाला? त्या ऐकायच्या नाहीत. "एका घरात आलो की तू वाचशील होय? भाजी निवडायला बसू, कोणाकोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढू, आणि पुस्तक जाईल बरणीवर." मला राग यायचा. पण त्यांचं खरंही असेल. समोरासमोर आम्हांला कधी बोलता आलंच नाही. मी पेणला गेले की आम्ही दोघी पाहुण्यांसारख्या बसायचो. परत येऊन फोन लावला की मग गप्पा. नर्सबाईंनी नोकरी सोडायला नको होती, यावर तर आमचं भांडणही झालं होतं.

तर ती खोली रिकामी करायला मी तेराव्यानंतर गेले. भाड्याची खोली, सामान थोडं. पुस्तकं वाचनालयात द्यावीत म्हणून विचारलं, पण इतकी जुनी, पिवळी पडलेली पानं कोण घेणार? मी पिशवी भरत होते तेव्हा रंजनाताई वर आल्या. हात पिवळ्या रंगाने माखलेले. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, त्या बँडवाल्यांचं पुढं काय झालं हो?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. वन्सं संध्याकाळी फोन घेऊन खाली यायच्या. कारखान्यात स्टुलावर बसून स्पीकर लावायच्या. बाया मूर्तींवर हात फिरवता फिरवता ऐकायच्या. वर्षानुवर्षं. "तुमचा आवाज आम्हाला पाठ हाय," रंजनाताई म्हणाल्या. "त्या म्हणायच्या, गप ऱ्हावा, माझी भावजय वाचतेय." बँडवाल्यांचं चालू असताना रंजनाताई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तेवढा शेवट त्यांचा चुकला होता.

त्यांना वाटलं असेल मला आनंद होईल. नंतर झालाही थोडा. पण त्या क्षणी मला फार एकटं वाटलं. ते सगळं आमच्या दोघींचंच आहे असं मी धरून चालले होते. भावाचं ते प्रकरण वाचलं तेव्हा...? मी विचारलं. रंजनाताई मान हलवून म्हणाल्या, "नाय, सुरवातीला त्या वरच बसायच्या. जिना उतरायला लागल्या ते मागाहून." मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. डोळे गेलेली एकटी बाई, चार माणसांत बसून ऐकत होती, तर माझं काय गेलं? बँडवाल्यांचं पुस्तक मी रंजनाताईंना दिलं. त्यांनी रंगाचे हात पुसून ते घेतलं. वरच्या खोलीत आता गणपतीचे साचे ठेवले आहेत असं ऐकते.

उरलेली तीन माझ्याकडे आहेत. डोंगराच्या पुस्तकात ते दोघे अजून त्या खिंडीखालीच आहेत. मी पुढे गेलेली नाही.

गेल्या महिन्यात धीर करून रोह्याच्या वाचनालयात नाव घातलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "कुठल्या प्रकारची पुस्तकं आवडतात तुम्हाला?" साधा प्रश्न. मला आवडतात ती सगळी वन्संची. त्यांनी दिली म्हणून वाचली, त्यांना आवडली म्हणून मला आवडली. माझं म्हणून एकही नाही. मागे माणसं थांबली होती, म्हणून समोरचं एक घेतलं आणि घरी आले.

वन्संनी न वाचलेलं, त्यांनी कधी नावही न काढलेलं पुस्तक. संध्याकाळी दिवा लावून ते उघडलं. मनात वाचायला मला येतच नाही, मोठ्यानेच वाचलं. भाषा चांगली होती. माणसं शहाण्यासारखी बोलत होती. पण कोणी कोणावर रुसत नव्हतं, कोणाला भूक लागत नव्हती. पाच-सहा संध्याकाळी नेटाने वाचलं, वाटलं पुढे जमेल. अर्ध्यावर आल्यावर मिटलं आणि परत देऊन आले. बाईंनी विचारलं, "झालं वाचून?" मी हो म्हटलं.

मला ते आवडलं नव्हतं. हे अजून मी कोणाशीच बोललेले नाही... इथे लिहिलं, तेवढंच.