निगेटिव्हवरचा ठिपका

दादाचं पत्र आलं की घरात ते मीच वाचतो. आई आणि वहिनी दोघींनाही अक्षरओळख नाही. दादा चौथीपर्यंत शिकून फौजेत गेला. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळे शनिवारी एसटीनं नगरहून घरी आलो की आई आधी पत्र हातात ठेवते आणि मग पाणी देते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, असंच एक पत्र मी वाचत होतो. आई सुपानं बाजरी पाखडत होती आणि वहिनी चुलीपाशी होती. पत्राच्या तळाशी दादानं रेघ मारून लिहिलं होतं, "ह्याच्या खालचं मोठ्यानं वाचू नको. तिचा एक फोटू काढून धाड. इथं समद्यांच्याजवळ हाय." मी एकदम थांबलो.

"संपलं?" आईनं विचारलं.

"संपलं."

"मग कान का तांबडे झाले तुझे?"

वहिनीनं चुलीत फुंकर घातली आणि मान वर केली नाही. तिला कळलं असावं.

त्या वर्षी मला फोटोचा नाद लागला होता. आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे एक सर हौस म्हणून दर बुधवारी चार-पाच मुलांना फोटोग्राफी शिकवत. कॅमेरा त्यांचाच होता. दोन भिंगांचा, पेटीसारखा, पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. भिंगामागचं छिद्र सगळं उघडलं की समोरचा माणूस तेवढा रेखीव येतो आणि त्याच्या मागचं सगळं धुक्यात गेल्यासारखं पुसट होतं, हे त्यांनी आम्हाला करून दाखवलं होतं. मला ती जादूच वाटली. खरं सांगायचं तर मला तिची गरज होती. दादा तो फोटो बराकीत सगळ्यांना दाखवणार. आमच्या दाराशी गोवऱ्या थापलेली भिंत, मोडकं चाक आणि गोठा. ते कुणी बघू नये असं मला वाटत होतं. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं.

सरांनी मोठ्या मनानं एका शनिवारी कॅमेरा घरी न्यायला दिला. आई मागं गोवऱ्या रचत होती. मी तिला म्हणालो, "तू जरा बाजूला हो." ती दोन पावलं सरकली आणि परत कामाला लागली. मी छिद्र पूर्ण उघडलं. वहिनी डोक्यावर पदर घेऊन इतकी ताठ उभी राहिली की मीच घाबरलो.

"भावजी, हसू का नको?"

"तुम्हाला वाटेल तसं."

"मला तर पळून जावं वाटतंय."

त्या क्षणी मी बटण दाबलं.

फिल्म धुतल्यावर तिच्यावर धुळीचे बारीक पारदर्शक ठिपके निघाले. असे ठिपके कागदावर काळे उमटतात. सरांनी उपाय शिकवला होता. निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरायची, कठीण शिशाच्या पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचं आणि एकेक ठिपका अलगद भरून टाकायचा. मी दोन दिवस मधल्या सुट्टीत हेच करत होतो. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे दिसतात. रोज जिच्या हातचं जेवतो ती बाई तिथं ओळखू येत नाही. आणि चेहरा तरी केवढा, चिंचोक्याएवढा. मी गालावरचे दोन ठिपके भरले, हनुवटीवरचा एक भरला, कपाळावरचा एक भरला.

दोन फोटो छापले. सर म्हणाले, "मागचं काय सुरेख विरघळलंय." मीही मागचंच बघत राहिलो. भिंत नाही, चाक नाही, गोठा नाही. जणू शहरातल्या स्टुडिओचा पडदा. मंगळवारी एक फोटो पाकिटात घालून दादाला पाठवला. शुक्रवारी लढाई सुरू झाली.

शनिवारी एसटीत सगळे लढाईचंच बोलत होते. मी दुसरा फोटो वहीत ठेवला होता. घरी आई गोठ्यात होती. वहिनीनं हात पदराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांत धरला. मी ती काय म्हणते याची वाट बघत होतो. तिनं आपली दोन बोटं कपाळावर नेली आणि कुंकू जागेवर आहे का हे चाचपून बघितलं.

"भावजी, हे काय केलं तुमी?"

मी फोटो बघितला. तेव्हा पहिल्यांदा बघितला असं म्हणायला हवं. कपाळ कोरं होतं. लाल कुंकू निगेटिव्हमध्ये पारदर्शक ठिपका होऊन आलं होतं. मी त्याला धूळ समजलो होतो आणि माझ्या हातानं भरून टाकलं होतं.

मी पेन्सिलीचं, शिशाचं काहीतरी बोलू लागलो, पण ते मलाच ऐकू येईना.

"त्यास्नी धाडला का असाच?" तिनं विचारलं.

"मंगळवारी."

गोठ्यातून आईची चाहूल आली. वहिनीनं फोटो चुलीत घातला. तो आधी वळला, मग पेटला. "आत्याबाईस्नी सांगू नका," ती एवढंच म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी विज्ञानाचा विद्यार्थी. अपशकुन वगैरे खोटं असतं, असं वसतिगृहात मित्रांशी तावातावानं बोलत असे. त्या रात्री घोंगडीखाली तेच मी स्वतःला सांगत होतो आणि माझे पाय गार पडले होते. शिसं आणि फिल्म यांचा दादाच्या जिवाशी काही संबंध नाही. नाहीच. पण ते पाकीट आता कुठल्या गाडीत असेल, हा विचार मनातून जाईना.

सोमवारी सरांच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. शेवटी निगेटिव्हच त्यांच्यापुढं धरली आणि बोट दाखवलं. सरांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ बघितली.

"माझ्याही लक्षात आलं नाही," ते म्हणाले. "भाऊ कुठं आहे तुझा?"

"पश्चिमेच्या सरहद्दीवर."

ते मला रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी कपाटातून टर्पेंटाइनची बाटली काढली. "कापसाचा बोळा घे आणि अगदी हलक्या हातानं पूस. जोर लावलास तर खालची फिल्मही खरवडेल. मग ते कायमचं."

"सर, तुम्हीच पुसा."

"नाही. तूच पूस."

सरांनी माझं मनगट टेबलावर दाबून धरलं. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. बोळ्यावर करडा डाग आला. निगेटिव्हवर ठिपका पारदर्शक झाला की ओरखडा पडला, ते नुसत्या डोळ्यांना कळेना. छापल्याशिवाय कळणार नव्हतं.

काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याखाली कागद औषधात सोडला. आधी केस आले. मग डोळे, मग पदराचा काठ. कपाळाच्या जागी कागद पांढराच होता. मी आकडे मोजत होतो आणि मधेच मोजणी चुकली. मग मधोमध एक करडी छटा आली, गडद होत गेली आणि तिचा गोल ठिपका झाला. सर म्हणाले, "बाहेर काढ आता, काळं होईल." मी तसाच उभा होतो. त्यांनीच चिमट्यानं कागद उचलला.

तो फोटो त्याच दिवशी पोस्टात टाकला. पण पहिला पुढं गेला होता आणि त्याला थांबवता येत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. नगरला रात्री दिवे मालवत आणि खिडक्यांना काळे कागद लावत. वर्गात शिकवलेलं डोक्यात शिरत नव्हतं. शेजारच्या गावात एका घरी तार आल्याचं कळलं, त्या दिवशी मी जेवलो नाही. घरी जायची भीती वाटायची आणि न जाण्याचीही. वहिनी रुपयाएवढं कुंकू लावू लागली होती. आई एकदा म्हणाली, "अगं, लगीन हाय का कुनाचं?" वहिनी हसली आणि माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

लढाई थांबली. रेडिओवर सांगितलं, गावात लोकांनी पेढे वाटले. पत्र नव्हतं. आणखी एक आठवडा गेला. पोस्टमन सायकलवरून वेशीत दिसला की वहिनी हातातलं काम टाकून उभी राहायची आणि तो पुढं गेला की परत बसायची. मी ते दोन वेळा बघितलं. एकदा तरी तिनं मला दोष द्यावा असं वाटायचं.

पत्र आलं तेव्हा मी घरी होतो. पाकिटावर दादाचं अक्षर होतं, पण तेही मी दोनदा निरखून बघितलं. आईला वाचून दाखवलं. बरा हाय, काळजी करू नका, थंडी लई हाय. मग रेघ आली. मी पत्राची घडी घातली. आई म्हणाली, "झालं व्हय तुमचं दोघा भावांचं गुपित?" आणि उठून गोठ्यात गेली. तिला किती कळतं ते मला आजही माहीत नाही.

रेघेखालचं मी वहिनीला हळूच वाचून दाखवलं. "दोन फोटू एकाच दिवशी मिळाले. एकात तिला कुंकू न्हाई. तुझंच काम दिसतंय. फाडावा वाटंना, म्हनून नकाशावर खुना करायच्या तांबड्या पेन्सिलीनं मी लावलं. पर तिच्या मागं काय हाय ते कळंना. आपलंच दार हाय ना? मागं कोन वाकलंय, आई का? मी रोज बघतो, पर नीट दिसत न्हाई. पुढल्या बारीला समदं दिसंल असा काढ."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मी बघायला थांबलो नाही. मी बाहेर येऊन भिंतीकडं बघत उभा राहिलो. मी जे पुसायला निघालो होतो, ते तो रोज शोधत होता.

पुढच्या शनिवारी सरांचा कॅमेरा पुन्हा घरी आणला. या वेळी छिद्र अगदी बारीक केलं आणि कॅमेरा हलू नये म्हणून पालथ्या टोपलीवर ठेवला. गोवऱ्यांची भिंत, चाक, गोठ्यातून डोकावणारी म्हैस, सगळं घेतलं. आईला वहिनीच्या शेजारी उभं केलं.

"मागं तर बाजूला हो म्हनला हुतास," आई म्हणाली.

"चुकलं माझं."

वहिनी कपाळावर बोट टेकवून म्हणाली, "भावजी, पेन्सिल घरीच ठिवून जा."